मला अगदी नीट आठवतं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या महाविद्यालयात मी पस्तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. या पस्तीस वर्षांत एक गोष्ट कधी चुकली नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गाचा पहिला तास, हजेरी संपते न संपते तोच मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, "मॅडम, आत्ता आमच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कळतं का?" वर्ग हसायचा. मी म्हणायचे, "कळतं. तास लवकर सुटावा असं चाललंय." वर्ग आणखी हसायचा आणि मी खडू हातात घ्यायचे.

पण या थट्टेमागे एक अपेक्षा असते. हा विषय घेतला की माणसं ओळखता येतील, दुसऱ्याच्या मनातलं काढून घेता येईल, असं मुलांना वाटतं. पालकांनाही वाटतं. लग्नाकार्यात माझी ओळख करून दिली की समोरचे गृहस्थ जरा सावरून बसत. काही मुली घरातल्या कुणाच्या आजारपणामुळे हा विषय घेत आणि तास संपल्यावर दाराशी घुटमळत. त्यांना मी सांगायचे, पहिल्या वर्षाच्या पुस्तकानं कुणाचा आजार बरा होत नाही, त्यासाठी डॉक्टरकडेच जायला हवं. चल, मी येते तुझ्याबरोबर. त्यातल्या दोघीतिघींबरोबर मी गेलेही.

मग या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं तरी काय? 'सामान्य मानसशास्त्र' असं त्याचं साधंसुधं नाव. जर्मनीत लाइपझिग इथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये प्रयोगशाळा काढली, तिथून या शास्त्राचा जन्म धरतात. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. ही पहिल्या प्रकरणातली माहिती, परीक्षेत पाच गुणांना हमखास येणारी. पुढे वेदन, संवेदन, अवधान, अध्ययन, स्मृती, प्रेरणा, भावना, बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व अशी प्रकरणं ओळीनं येतात. मुलं गाईड घेतात, पाठ करतात, पास होतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आम्हीही तेच केलं होतं.

मला स्वतःला गोडी लागली ती प्रात्यक्षिकांमुळे. एक साधी लाकडी पट्टी असते. तिच्यावर दोन आडव्या रेषा. एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या टोकांना बाहेर वळलेले. म्यूलर-लायर यांनी १८८९ मध्ये दाखवलेला हा भ्रम. एक भाग सरकवून दोन्ही रेषा सारख्या करायच्या असतात. विद्यार्थी डोळे बारीक करून सरकवतो, "झाल्या सारख्या" म्हणतो, आणि मागच्या बाजूची मोजपट्टी सांगते की नाही झाल्या. मग मी त्या रेषा स्वतः मोजून सारख्या करून त्याच्या हातात द्यायचे. "आता?" "आता सारख्या आहेत, मोजल्याच की तुम्ही. पण मॅडम, दिसत नाहीत." एवढंच दाखवायचं असायचं. मोजून झालं, पटलं, तरी डोळा ऐकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

सगळ्या प्रकरणांत माझं लाडकं प्रकरण स्मृतीचं. त्याची सुरुवात हेर्मान एबिंगहाउस या जर्मन गृहस्थापासून होते. ह्या माणसाबद्दल मला फार माया आहे. हाताशी प्रयोगशाळा नव्हती, विद्यार्थी नव्हते. त्यानं स्वतःलाच प्रयोगाला बसवलं. अर्थ असलेला शब्द ओळखीमुळे लवकर पाठ होतो, म्हणून त्यानं अर्थच नसलेले सुमारे २३०० अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या केल्या, ठरावीक लयीत त्या मोठ्यानं वाचून पाठ केल्या, विसरू दिल्या आणि पुन्हा पाठ केल्या. दुसऱ्या खेपेला किती कष्ट वाचले, ते त्यानं मोजलं. हे काम वर्षानुवर्षं चाललं. १८८५ मध्ये त्याचं पुस्तक आलं. पाठ केल्यानंतर तासाभरातच निम्म्याहून अधिक गेलेलं असतं, दिवसाअखेर एक तृतीयांशच्या आसपास उरतं, आणि महिन्यानंतर एक पंचमांश. आधी भरभर गळती, नंतर हळूहळू. २०१५ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला. त्यातल्या एकानं त्यासाठी सत्तर तास त्या निरर्थक याद्या घोकल्या, आणि आकडे बरेचसे तसेच आले.

मुलांना यातलं एकच आवडायचं. एबिंगहाउसनं एक यादी एका बैठकीत ६८ वेळा वाचली होती. दुसऱ्या वेळी तीन दिवसांत विभागून ३८ वेळा वाचली, आणि फायदा जवळपास सारखाच झाला. परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्यापेक्षा थोडं थोडं करा, हे आपल्या आज्ज्याही सांगत आल्यात. पण जर्मन माणसानं मोजून सांगितल्यावर मुलं वहीत लिहून घेत. पाळत मात्र नसत.

एबिंगहाउसनं किती विसरतो ते मोजलं. पण माणूस नुसता विसरत नाही, विसरलेल्या जागी काहीतरी भरतो. हे दाखवलं केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी. त्यांचं पुस्तक १९३२ चं. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक गोष्ट त्यांनी इंग्रज मंडळींना वाचायला दिली. दोन तरुण नदीवर सील मारायला जातात, एका नावेतून लढवय्ये येतात, त्यांच्याबरोबर एकजण लढाईला जातो, ते लढवय्ये म्हणजे भुतं असतात, आणि घरी परतलेला तो तरुण सूर्योदयाला मरतो. वाचणाऱ्यांनी काही वेळानं, काही दिवसांनी, काहींनी तर कित्येक महिन्यांनी ती लिहून दिली. सील मारणं जाऊन मासेमारी आली. न कळलेले भाग गळाले, उरलेली गोष्ट इंग्रजांना पटेल अशी झाली.

मी हा प्रयोग आमच्या वर्गात कानगोष्टीसारखा करायचे. पहिल्याला गोष्ट वाचून दाखवायची, त्यानं बाहेर जाऊन दुसऱ्याला सांगायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला. एका वर्षी दहाव्या मुलानं वर्गासमोर येऊन सांगितलं, "दोन मित्र कृष्णेवर मासे धरायला गेले, तिथं त्यांना वेताळाची पालखी दिसली, एकजण पालखीबरोबर गेला आणि सकाळी मेला." वर्गानं टाळ्या वाजवल्या. मुलगा गोंधळला. त्यानं पदरचं काहीच घातलं नव्हतं, ऐकलं तेवढंच प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

आणखी एक खेळ होता. तास चालू असताना एक अनोळखी गृहस्थ आत यायचे, टेबलावरचा हजेरीपट उचलायचे, माझ्याशी दोन शब्द बोलून निघून जायचे. अर्थात आधी ठरवलेलं. दहा मिनिटांनी मी कागद वाटायचे आणि विचारायचे, सदरा कोणत्या रंगाचा होता? वय काय असेल? छत्री कोणत्या हातात होती? छत्री नव्हतीच. पण बरीच मुलं डावा किंवा उजवा हात लिहीत. एकीनं छत्रीला लाकडी मूठ होती असंही लिहिलं होतं.

हा खेळ ज्यांच्यामुळे सुचला त्या एलिझाबेथ लॉफ्टस. त्यांनी आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न एकच, क्रियापद फक्त बदललेलं. गाड्या एकमेकींना "लागल्या" तेव्हा वेग किती होता, असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी सुमारे ३२ मैल. "चक्काचूर होऊन आदळल्या" असं विचारलं तर सुमारे ४० मैल. आठवड्यानंतर दुसऱ्या गटाला विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फितीत काच फुटलेली नव्हतीच. "धडकल्या" ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांना काच दिसली होती, "आदळल्या" ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना. साक्षीदाराला पोलीस काय आणि कसं विचारतात, यावर तो पुढे कोर्टात काय सांगेल हे किती अवलंबून असतं, याचा अभ्यास या आणि अशा प्रयोगांमुळे जगभर वाढला.

इथे एक कबुली देते. पुस्तकांनाही स्मृती असते आणि तीही फसते. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली किटी जेनोवीस या तरुणीचा खून झाला. अडतीस शेजारी अर्धा तास खिडक्यांतून पाहत राहिले, कुणी पोलिसांना कळवलंसुद्धा नाही, ही कथा प्रत्येक प्राथमिक पुस्तकात होती आणि मी ती रंगवून सांगत असे. २००७ मध्ये तीन ब्रिटिश संशोधकांनी कागदपत्रं तपासून दाखवलं की अडतीस जण पाहत उभे होते याला पुरावाच नाही. मुळात फार थोड्यांना खरोखर काही दिसलं होतं, आणि एक शेजारीण तर धावत खाली जाऊन तिला मिठीत धरून बसली होती. ज्या वर्तमानपत्रानं ती कथा छापली, त्यानंही २०१६ मध्ये ती सदोष होती हे मान्य केलं. गर्दीत मदतीचा हात आखडतो याविषयीचे पुढचे प्रयोग त्यामुळे खोटे ठरत नाहीत. पण त्या धावत गेलेल्या शेजारणीबद्दल मी पंचवीस वर्षं वर्गात चकार शब्द काढला नव्हता. माहीतच नव्हतं. जुन्या मुलांना आता कुठे गाठायचं?

हे पुस्तकाचं झालं. आता माझं सांगते. खरं म्हणजे हे सांगायचं म्हणूनच आज हा विषय घेतला.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, १९८३ च्या ऑगस्टमध्ये गेले. कराडला रुग्णालयात होते. मी नुकती नोकरीला लागले होते, दादा मुंबईला. त्या रात्रीची आठवण माझ्याकडे अगदी लख्ख आहे. लांबलचक बोळ, भिंतीला कमरेपर्यंत हिरवा तेलरंग, बाहेर कोसळता पाऊस. बाकावर मी एकटी, मांडीवर थर्मास. पहाटे नर्स बाहेर आली, काही बोलली नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवला. दादाला तार केलेली होती. तो सकाळी नऊला आला, हातातली छत्री गळत होती, आणि सगळं आटोपलं होतं.

ही आठवण मी सव्वीस वर्षं बाळगली. दादाशी कधी भांडले नाही. आमच्यात भांडायची रीत नव्हती. पण मनात एक नोंद पक्की झाली: हा वेळेवर येत नाही. १९९६ मध्ये वहिनींचं मोठं ऑपरेशन झालं. दादाचा फोन आला, "तू येतेस का चार दिवस?" मी पैसे पाठवले, परीक्षेचं काम आहे म्हणून सांगितलं, गेले नाही. परीक्षेचं काम होतंही. पण वेळेला माणूस नसलं की कसं वाटतं ते याला कळू दे, असं मी मनात म्हटलं होतं, हे आज इथे सांगते.

आणि दुसऱ्या बाजूनं मी वर्गात काय शिकवत होते? १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर काही क्षणांत फुटलं. उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञानं दुसऱ्याच दिवशी सकाळी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय करत होता. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. जवळजवळ पाव जणांचं सगळंच्या सगळं चुकलं होतं, आणि चुकलेल्यांतले कित्येक अगदी ठाम होते. मग त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातले जुने कागद दाखवले. त्यांना वाटलं होतं, कागद पाहून खरी आठवण जागी होईल. एकाचीही झाली नाही. अक्षर आपलं आहे हे मुलं मान्य करत, पण डोळ्यांसमोर दिसायचं ते दुसरंच.

हा भाग मी चांगला शिकवायचे. "धक्का मोठा असला की आठवण पक्की होते हा आपला समज; पक्की होते ती खात्री," असं म्हणून फळ्यावर रेघ ओढायचे. आणि पुढे, भावनेनं भारलेल्या आठवणीचं उदाहरण म्हणून कधीकधी तो बोळ, तो हिरवा रंग वर्गाला सांगायचे. दोन्ही एकाच तासात. मला काही खटकलं नाही.

२००९ मध्ये आमची कोल्हापूरची मावशी गेली. मावसबहिणीनं तिच्या ट्रंकेतली पत्रं ज्याची त्याला वाटून टाकली. माझ्या वाट्याला माझीच सातआठ पत्रं आली. त्यात एक इनलँड होतं, अण्णा गेल्यानंतर चौथ्या दिवशी लिहिलेलं. अक्षर माझं. त्यात असं होतं की दादा आदल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनंच पोचला. तीन रात्री जागून मला कणकण आली होती, म्हणून त्यानं मला बळेच घरी झोपायला पाठवलं. पहाटे साडेचारला अण्णा गेले तेव्हा तो उशाशी होता. मी सातला पोचले. खाली लिहिलं होतं, "मावशी, मला पोचायला उशीर झाला गं."

मी ते पत्र कितीदा वाचलं असेल याची गणती नाही. मी विषयाची शिक्षिका, तेव्हा कारणं शोधायला बसले. तो बोळ खरा होता, थर्मास खरा होता. आधीच्या तीन रात्री मी त्याच बाकावर काढल्या होत्या. छत्री घेऊन येणारा दादाही कुठल्यातरी दिवशीचा खरा असेल. रात्री अदलाबदल झाल्या. पण उशिरा पोचण्याचा दोष माझ्याकडून उठून नेमका त्याच्याच माथी कसा गेला? माझ्या मनानं मला वाचवलं, असं उत्तर लगेच सुचतं. एखाद्या विद्यार्थिनीनं ते लिहिलं असतं तर मी विचारलं असतं, पुरावा काय? माझ्याकडे तो नाही. पत्र एवढंच सांगतं की काय घडलं. ते उलटं कसं झालं याबद्दल पत्रात काही नाही.

आणि मघाची ती लाकडी पट्टी. मोजून झालं, पटलं. तरी आजही डोळे मिटले की नर्स बाहेर येते आणि माझ्याच खांद्यावर हात ठेवते.

दोन महिने पत्र कपाटात ठेवून मी दिवाळीनंतर डोंबिवलीला दादाकडे गेले. रात्री जेवणं झाल्यावर त्याच्या हातात दिलं. त्यानं चष्मा लावून सावकाश वाचलं, उलटंपालटं करून पोस्टाचा शिक्का पाहिला आणि म्हणाला, "हे काय लिहिलंयस तू? तू होतीस की तिथं. आपण दोघं होतो. थर्मासमधला चहा तूच ओतून दिलास मला."

मी म्हटलं, "अरे, अक्षर माझं आहे. चौथ्या दिवशी लिहिलंय."

"असेल. घाईत काहीतरी लिहिलं असशील. माणूस त्या दिवसांत ठिकाणावर असतं का?"

मी त्याला सव्वीस वर्षांची नोंद सांगितली. ऑपरेशनच्या वेळचंही सांगितलं, मनात म्हटलेल्या वाक्यासकट. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण त्या वेळी तर तू आली होतीस. चार दिवस राहिलीस की."

वहिनी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाही हो. वन्सं तेव्हा आल्या नव्हत्या."

दादाला ते पटलं नाही. तो नावानिशी दिवस सांगायला लागला. वहिनी पुढे काही बोलल्या नाहीत, घड्या उचलून आत गेल्या. थोड्या वेळानं मीही आत गेले. तिथे आमचं दोघींचं जे बोलणं झालं ते आमच्यापुरतं आहे.

पत्र मी दादाकडेच ठेवून आले.